आधी न केलेलं काहीतरी

ठकी बसते. काही घडत नाही. मग ती आणखी नीट बसते: शेपटी आवरून, छाती पुढे काढून, शाळेच्या ग्रुप फोटोत पहिल्या रांगेतली मुलं बसतात तशी. तरी काही घडत नाही. आता उजवा पंजा वर येतो, हवेत थांबतो, खाली जातो, पुन्हा वर येतो. ताई तिच्याकडेच बघतायत. पण त्यांच्या मुठीतला, दाबला की वाजणारा क्लिकर गप्प आहे आणि दुसरा हात कमरेच्या बटव्याकडे वळत नाही.

"पंजा दिलाय तिने," आबा सांगतात.

"दिसला मला. मागितला होता का कोणी?"

आबांना हे लागतं. दोन वर्षं खपून त्यांनी ठकीला दोन गोष्टी शिकवल्यात, बसणं आणि पंजा देणं, आणि त्या दोन्ही ती घड्याळ लावावं इतक्या बिनचूक करते. आज त्यांना भाव नाही.

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या मागची ही जागा. एका बाजूला दुचाक्या, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत, मध्ये फरशी घालायचा राहिलेला मातीचा तुकडा. डिसेंबरातली संध्याकाळ, उन्हं भिंतीवरून उतरायला लागलीत. मातीत मधोमध वॉटर प्युरिफायरचं रिकामं खोकं ठेवलंय, तोंड वर, चारही झडपा बाहेर पडलेल्या. बाकावर मी, माझ्या शेजारी मांडीवर वही घेतलेला आबांचा सहावीतला नातू, आणि त्याच्या पलीकडे बी विंगमधल्या बालवाडीच्या बाई. त्या निघाल्या होत्या फेऱ्या मारायला, पण इथेच टेकल्या. ठकी गावठी कुत्री, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला.

ठकीला शिकवणाऱ्या ताईंचा नियम एवढाच: खोक्याशी ठकी जे काही करील त्याला क्लिक आणि उकडलेल्या लिव्हरचा तुकडा. पण एकदाच. तीच गोष्ट दुसऱ्यांदा केली तर काही मिळणार नाही. हुकूम द्यायचा नाही, बोट दाखवायचं नाही, 'शाब्बास' म्हणायचं नाही आणि 'नो'ही म्हणायचं नाही. काय केलं ते नातवाने वहीत लिहायचं, म्हणजे नंतर भांडण नको. भांडण होतंच, पण ते नंतर.

पंजाचा उपयोग नाही म्हटल्यावर ठकी मान वळवते आणि खोक्याकडे बघते. नुसतं बघते.

क्लिक.

तुकडा खोक्याजवळ मातीत पडतो. तो खायला ठकी तिथे जाते, आणि गेलीच आहे तर खोक्याला हुंगते. क्लिक. पुन्हा हुंगते; शांतता. झडप चाटते, क्लिक. नातू भराभर लिहितोय: १ बघितलं, २ वास घेतला, ३ चाटलं. मग ठकी पुढचा पाय खोक्याच्या काठावर ठेवते, क्लिक होतो, आणि इथे गाडी अडते. पाय ठेवला की मिळतं, असं तिच्या मनाने घेतलंय. ती पाय ठेवते. काढते. पुन्हा ठेवते, बरोबर त्याच कोपऱ्यात, त्याच झडपेवर, आणि मान वर करून ताईंच्या बटव्याकडे बघते.

मला हे बघताना हसू येतं, पण यात ठकीचा मूर्खपणा काही नाही. बक्षीस हेच करतं. ज्या कृतीमागोमाग ते येतं ती कृती ते घट्ट करतं आणि तिच्या आजूबाजूच्या दहा कृती बारीक होत जातात. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला प्रबलन म्हणतात. १९५१ साली अंटोनायटिस या संशोधकाने उंदरांसमोर पन्नास सेंटिमीटर लांबीची एक आडवी फट ठेवली होती. फटीत कुठेही नाक खुपसलं तरी खाणं मिळणार. जागेची काही अट नाही. तरी खाणं मिळत गेलं तसे उंदीर फटीच्या एका ठरावीक भागातच नाक घालायला लागले. सगळी फट मोकळी असताना! बाकीची जागा त्यांना कोणी मना केली नव्हती. तिथे जायचं कारण उरलं नव्हतं.

आणि मग खाणं बंद केल्यावर काय झालं, ते माझ्यासमोर आत्ता चाललंय.

ठकीने पाय ठेवणं सोडलेलं नाही, पण ते बदलायला लागलंय. पाय जोरात आपटतोय. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. मग डावा पाय. ताई डाव्याला क्लिक देतात. नातू आक्षेप घ्यायला तोंड उघडतो आणि मिटतो. ठकी भुंकते. एकदा, मग सलग. तिच्या भुंकण्यात राग ऐकू येतो, निदान मला तरी. ती दोन्ही पाय एकदम आपटते, खोकं मातीवरून वीतभर सरकतं आणि त्या सरकण्याच्या आवाजावरच क्लिक पडतो.

"ढकललं," नातू लिहितो. "भुंकणं लिहू?"

"ते खोक्याशी नाही, माझ्याशी होतं," ताई म्हणतात.

अंटोनायटिसच्या उंदरांचं असंच झालं. खाणं थांबलं आणि नाकं फटीभर हिंडायला लागली. पुन्हा मिळायला लागलं आणि पुन्हा एका जागी स्थिरावली. मिळकत तुटली की जीव इकडेतिकडे हात मारतो, आणि त्या हात मारण्यात आधी न केलेलं काहीतरी निघतं. ताईंचं सगळं कसब या अडचणीच्या पट्टीत चालण्याचं आहे. फार लवकर दिलं तर जनावर जुन्यालाच चिकटतं. फार ताणलं तर ते सोडून देतं.

ठकी सोडून देते. खोक्यापासून दूर जाऊन मातीत बसते, मागच्या पायाने मान खाजवते आणि आबांकडे बघते. माणसाळलेलं जनावर हे असं बघतं तेव्हा समोरच्याचा नियम टिकत नाही.

"ताई, द्या की एक. दमली ती."

ताई खरंच देतात. क्लिक नाही, काही नाही. सरळ तिच्याजवळ जाऊन हातावरचा तुकडा भरवतात, कानामागे बोटं फिरवतात. नातू पेन उचलून विचारतो, हे कशाबद्दल? "कशाबद्दल नाही. आमची ओळख आहे म्हणून."

हे वाचल्यावर कोणाला ढिलाई वाटेल. मला हवाईतली एक गोष्ट आठवते. ओआहू बेटावरच्या सी लाइफ पार्कमध्ये १९६५ साली कॅरन प्रायर डॉल्फिनचे खेळ करायच्या. डॉल्फिन शिकतो कसा हे प्रेक्षकांना दाखवायचं, तर रोज मालिया नावाच्या मादीची एखादी न शिकवलेली हालचाल निवडायची आणि तिला मासे द्यायचे. काल दिलेल्या हालचालीला आज मासा नाही. थोड्याच दिवसांत मालियाच्या साध्यासुध्या हालचाली संपल्या. आणि मग ती कोणी न शिकवलेलं काहीबाही करायला लागली: हवेत कोलांटी, शेपटी पाण्याबाहेर ठेवून तरंगत जाणं, टाकीच्या तळाशी घसरत जाणं. हे खरंच अटीमुळे होतंय की मालियाच तेवढी हुशार, हे बघायला प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाऊ नावाच्या दुसऱ्या मादीवर तोच प्रयोग टिपणं ठेवून केला. तो १९६९ साली छापून आला. हाऊ काही मालियासारखी उत्साही नव्हती. बरीच सत्रं ती जुनंच करत राहिली. आणि मग एका सत्रात एकदम आठ ठळक गोष्टी करून मोकळी झाली, त्यांतल्या चार त्या जातीच्या डॉल्फिनमध्ये आधी कोणी पाहिलेल्या नव्हत्या. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन तेव्हा तिथेच होते. त्यांनी या प्रयोगाबद्दल लिहिताना एक गोष्ट आवर्जून नोंदवली: मधल्या काळात प्रशिक्षकाला पुन्हा पुन्हा नियम मोडावा लागला, न कमावलेले मासे द्यावे लागले. नाहीतर दोघांमधलं नातंच तुटलं असतं.

म्हणजे कानामागची ती बोटंही प्रयोगाचा भाग आहेत. नव्याची अट घालणाऱ्याला जुनी ओळख सांभाळावी लागते. अटच तेवढी घालणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत.

बाई आता बोलतात. त्यांना हे सगळं फारसं पटलेलं नाही. "आमच्याकडे स्टार दिले ना, की मुलं स्टारसाठीच करतात. चित्र काढायला लावलं तर एक झाड, एक घर, मध्ये सूर्य, आणि लगेच हात पुढे."

त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. स्टॅनफर्डच्या बालवाडीतला १९७३ सालचा प्रयोग बहुतेक बी.एड.वाल्यांना ठाऊक असतो: चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्या मुलांना आधी सांगितलं, ती पुढे आपणहून चित्रं कमी काढायला लागली. त्यावरून बक्षीस म्हणजे कल्पकतेचं विष असा निष्कर्ष आपल्याकडेही पालकसभांमधून वाटला जातो. ताई ऐकून घेतात आणि एकच विचारतात.

"स्टार कशाला देता? चित्र काढलं म्हणून, की काल काढलं नव्हतं ते काढलं म्हणून?"

बाई विचारात पडतात. "चित्र काढलं म्हणून. सगळ्यांनाच देतो, कोणी रडायला नको."

त्याच १९७३ साली कॅन्सस विद्यापीठातल्या गोएट्झ आणि बेअर यांनी हाच प्रश्न लाकडी ठोकळ्यांवर तपासला होता. बालवाडीतल्या तीन मुली ठोकळ्यांनी काहीबाही रचायच्या. एका टप्प्यात मुलीने आधी न रचलेला आकार रचला की शिक्षिका कौतुक करायची. दुसऱ्या टप्प्यात उलट, आधीचाच आकार पुन्हा रचला की कौतुक. पहिल्यात आकारांची विविधता वाढली, दुसऱ्यात ती आटली. मुली त्याच, ठोकळे तेच, कौतुकाचा सूरही तोच. मला ही तीन मुलींची गोष्ट मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा जास्त पटते. बक्षिसाने नवेपण मरतं का, हा वाद कितीही घाला. पैसे कशाचे मोजले जातायत ते कोणी बघत नाही.

इकडे ठकी उठलीय. बोलण्याच्या नादात आम्ही बघत नव्हतो, पण ताई बघत होत्या. ठकी खोक्याभोवती एक पूर्ण चक्कर मारते. क्लिक. उलट्या दिशेने चक्कर मारते. ताई क्षणभर थांबतात आणि क्लिक देतात. मग ती खोक्यात तोंड घालते. क्लिक. तोंडासकट पुढचे दोन पाय आत. क्लिक. चारही पाय आत जातात तेव्हा खोकं एका बाजूला फुगतं, ठकी त्यात मावत नाही आणि मावल्यासारखी उभी राहते. आबा टाळी वाजवतात. आता तिची चाल बदललीय. मघाशी ती एक गोष्ट करून थांबायची, बटव्याकडे बघायची, निराश व्हायची. आता क्लिक आला नाही तर लगेच पुढचं करून बघते. शेपटीही आता हलत असते.

हे माझ्या मते आजच्या संध्याकाळचं खरं घडणं आहे. लिव्हर बंद झाल्यामुळे येणारी तडफड वेगळी आणि हे वेगळं. ते भुंकणं होतं; ही युक्ती आहे. बदलणं हीच आता तिची कृती झालीय, बसणं किंवा पंजा देणं ही जशी कृती होती तशी.

असं घडू शकतं याबद्दल बराच काळ शंका होती. बॅरी श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांपुढे दोन बटणं ठेवून चोची मारण्याचे क्रम बदलायला लावले, तर कबुतरांना ते जमेना. बक्षिसाने वैविध्य शिकवता येत नाही असं दिसलं. मग १९८५ साली पेज आणि न्यूरिंगर यांनी तो प्रयोग बारकाईने पाहिला, तर त्यात एक आडवी अट होती. प्रत्येक बटणावर चारच चोची. पाचवी मारली की डाव फुकट. म्हणजे वेगळं करा, पण आखून दिलेल्या चौकटीतच. 'निबंध स्वतःच्या शब्दांत लिहा' असं सांगून मुद्द्यांवर गुण देणाऱ्या परीक्षकाची मला इथे आठवण होते. ती अट काढून त्यांनी कबुतरांना आठ चोचींचा कुठलाही क्रम मोकळा केला: डावी-उजवी मिळून २५६ शक्यता. सगळ्यात कडक अट अशी, की आत्ताचा क्रम मागच्या पन्नास क्रमांपैकी एकाशीही जुळता कामा नये, तरच दाणे. कबुतरांना ते जमलं. आणि याचा पक्का पडताळा पुढे आहे. त्याच कबुतरांना तेवढेच दाणे, तेवढ्याच वेळाने, पण बदलाची अट न ठेवता दिले, तर ती पुन्हा तेच तेच क्रम मारायला लागली. दाण्यांनी काही होत नव्हतं. दाणे कशाला बांधलेत याने होत होतं.

आबांना मात्र वेगळीच काळजी आहे. "हिला असं काहीतरी नवंनवं करायची सवय लागली तर रस्ता ओलांडताना काय करील? पौड रोडला मी 'बस' म्हटलं की तिने बसलंच पाहिजे."

"खोकं आणि पट्टा यातला फरक तिला कळतो, काका. पट्टा लागला की ठरलेलंच."

कबुतरांनाही तो कळला होता. एका रंगाचा दिवा लागला की क्रम बदलत राहायचे, दुसऱ्या रंगाचा लागला की एकच ठरलेला क्रम मारायचा, हे दोन्ही ती एकाच बैठकीत करायची. आबांना कबुतरांचं सांगून उपयोग नाही. ते पट्टा काढून खिशात ठेवतात, म्हणजे चुकून ठकीला दिसायला नको.

उन्ह आता पार्किंगच्या पत्र्यावर आहे. ठकी खोक्याबाहेर येते, झडप दातांत धरते आणि उलटं चालत खोकं ओढायला लागते. ओढताना मध्येच थांबून आत डोकावते. खोकं आडवं होतं, तशी ती त्याच्यावरून पलीकडे जाते आणि जाताना मागचा एक पाय त्यावर ठेवून उभी राहते. क्लिक, क्लिक आणि क्लिक. नातवाचं पेन अडतं.

"हे काय लिहू? ओढलं, पण नुसतं ओढलं नाही ना."

प्रायर यांच्या मंडळींनाही हीच अडचण आली होती. पुढे पुढे हाऊच्या हालचाली इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या, की निरीक्षकांना त्या शब्दांत पकडणं जड जायला लागलं.

"आणि शेवटचा क्लिक चुकलाय," नातू म्हणतो. तो ही वेळ येण्याची वाटच बघत होता. "पाय ठेवणं आधीच झालंय. चार नंबर."

"तो पुढचा पाय होता. हा मागचा."

"पाय तो पाय. मघाशी डाव्यालापण दिलात तुम्ही. अशाने पायांतूनच चार होतील."

"बरोबर आहे त्याचं," बाई म्हणतात. ज्यांना बक्षीसच पटत नव्हतं त्या आता बक्षिसाच्या हिशोबात उतरल्यात. "चक्करसुद्धा दोनदा मोजली. उलटी काय नि सुलटी काय."

ताईंचं म्हणणं असं, की मागचे पाय आपण कुठे टाकतोय याकडे कुत्र्याचं सहसा लक्ष नसतं. पुढचे जातात तिकडे मागचे येतात. मागचा पाय मुद्दाम वर ठेवणं ही तिच्या दृष्टीने अगदी निराळी गोष्ट. आबा म्हणतात, हिला कुठली दृष्टी, खोकं पायात आलं असेल. मी विचारतो, कबुतरांना निदान यंत्र मोजत होतं. इथे वेगळं म्हणजे किती वेगळं, हे ठरवायचं कोणी? ताई म्हणतात, ज्याच्या हातात क्लिकर आहे त्याने. नातू म्हणतो, मग वही कशाला? यावर ताईंकडे लगेच उत्तर नाही. बाई सुचवतात की हात वर करून ठरवू या. दोन हात वर होतात, एक अर्धवट.

"ओ ताई," गेटजवळच्या खुर्चीतून वॉचमन काका ओरडतात. "खोकं डोक्यात घालून चालली होती की ती आत्ता! पार त्या स्कूटरपर्यंत. बघितलं नाही का कोणी?"

आम्ही सगळे वळतो. खोकं स्कूटरच्या चाकाशी उपडं पडलंय. ठकी त्याच्या शेजारी उभी राहून आमच्याकडे बघतेय, दोन्ही कान उभे.

"मी नाही बघितलं," ताई म्हणतात. "आता क्लिक दिला तर तो बघत उभं राहिल्याबद्दल जाईल."

"वहीत लिहू?"

"लिही. आणि पुढे लिही, मजुरी बाकी."